ओल्या बागेत चालणारा घडीचा चाकू: पातं नंतर, आधी सांधा बघा

बागेत वापरायला घडीचा चाकू घेणार असाल तर हातात आल्या आल्या पातं बघू नका. चाकू उघडा, उजेडाकडे धरा आणि सांध्यात बघा. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून आरपार उजेड दिसतोय का? आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट आहे का? पातं फिरतं ती पिन ठोकून बंद केलेली आहे, की स्क्रू आहे आणि घरी उघडता येईल? ओल्या कामातला चाकू टिकणार की नाही, ते माझ्या मते इथेच ठरतं. पातं कुठल्या पोलादाचं आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

आमची द्राक्षाची बाग निफाड तालुक्यात आहे. थॉमसन जास्त, थोडी शरद सीडलेस. नवीन लागण असली की डॉगरिज खुंटावर कलमं बांधायची असतात. फवारणी आणि ठिबक मी बघते, त्यामुळे माझं निम्मं काम पाण्यातच. जूनपासून पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात कलमं, ऑक्टोबरात छाटणी आणि पुढे परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने पहाटेपासून फवारण्या. आम्ही बायका साडीवर पुरुषी फुल शर्ट घालतो. त्या शर्टाच्या खिशात चाकू सकाळी जातो तो संध्याकाळीच निघतो. दिवसभरात त्याला दव लागतं, घाम लागतो, मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) शिंतोडे लागतात, विद्राव्य खताची भुकटी लागते. कापायचं काय, तर सुतळी, ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी, पोत्यांचे टाके, कलमाची पट्टी, कधी तारेला अडकलेली जुनी नायलॉन दोरी. काडी छाटायला सिकेटरच, म्हणजे छाटणीची कात्रीच, वापरायचा. तिथे चाकूचं काम नाही.

आता सांध्याचं. स्टेनलेसला गंज धरत नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण ते स्टेनलेसपण हवेवर अवलंबून असतं. पोलादातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. तो खरवडला तरी पुन्हा धरतो, म्हणून पातं चकचकीत राहतं. पण पिनेभोवतीच्या फटीत पाणी अडकलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही. थर मोडला तर पुन्हा सांधला जात नाही. त्या पाण्यात घामातलं किंवा खतातलं क्लोराइड असेल तर आतून बारीक खड्डे पडायला लागतात. म्हणूनच चाकूचं पातं आरशासारखं आणि उघडताना सांध्यातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळतंय, असं बघायला मिळतं. त्यातच पुष्कळ स्वस्त चाकूंत पातं स्टेनलेसचं, आणि आतली स्प्रिंग, पट्टी, स्क्रू साध्या लोखंडाचे असतात. खोक्यावर पात्याचं पोलाद मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, स्प्रिंगबद्दल कोणी काही लिहीत नाही. दुकानदाराला ते विचारावंच लागतं.

आमच्या घरी एक काळा मुलामा दिलेला चाकू ऑनलाइन मागवलेला होता. कंपनीचं नाव घेत नाही. पात्यावर डी२ असं पोलादाचं नाव कोरलेलं. दिसायला भारदस्त, धारही जबरदस्त टिकायची. पण पावसाळ्यात धारेच्या कडेला, जिथे मुलामा संपून उघडं पोलाद सुरू होतं तिथे, नारिंगी ठिपक्यांची एक रांगच उमटली. नखाने खरवडली तर ठिपके निघाले, पण खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले. त्या खड्ड्यांवर सुतळीचे धागे अडकायला लागले.

यात चूक पोलादाची नाही, ते त्या कामाचंच नव्हतं. डी२ मध्ये सुमारे बारा टक्के क्रोमियम असतं, आणि स्टेनलेस म्हणवून घ्यायला साडेदहा टक्के पुरतं. मग ते गंजतं का? कारण त्यात दीड टक्का कार्बनही आहे. कार्बन धार टिकवतो, पण क्रोमियमला ओढून घेऊन त्याचे कडक कण बनवतो. कणांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला मोकळं राहत नाही. म्हणजे एकूण क्रोमियम किती, यापेक्षा मोकळं किती राहिलं, ते महत्त्वाचं. याच्या अगदी उलट उदाहरण मॅग्नाकटचं. लॅरिन थॉमस या अमेरिकन धातुतज्ज्ञाने आखलेलं हे पोलाद २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के, पण कडक कण व्हॅनेडियम आणि निओबियमचे बनतील अशी त्याची रचना. क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं राहतं आणि गंजाला ते डी२ च्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा खोक्यावरचा क्रोमियमचा आकडा वाचून खूश होऊ नका.

दुकानाबद्दल. नाशिकला गेले की रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत एक चक्कर होतेच. तिथे एका दुकानात चाकू मागितला की काउंटरवर आधी चुंबक येतं.

"ताई, हे बघा, चुंबक चिकटलं. म्हणजे लोखंड. हा दुसरा घ्या, ह्याला चिकटत नाही."

"दादा, ज्याला चिकटत नाही त्याची धार किती दिवस राहते?"

"धार काय, लावून घ्यायची परत."

माणूस प्रामाणिक आहे, पण ही परीक्षा भांड्यांची आहे, चाकूची नाही. पाणी प्यायच्या तांब्याला जे स्टील वापरतात त्याला चुंबक चिकटत नाही, आणि ते भट्टीतून काढून कडकही करता येत नाही. धार धरायला पोलाद कडक व्हावं लागतं, आणि कडक होणाऱ्या चाकूच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतंच. ४२० असो, ४४०सी असो, स्वीडनचं १२सी२७ असो, सगळ्यांना चिकटतं. त्यामुळे चुंबकावरून चांगला चाकू बाजूला टाकला जातो आणि चमच्याच्या पत्र्याचा चाकू घरी येतो. त्या दुकानाचं एक मात्र मनापासून सांगते: चाकू हातात घेऊन दहा वेळा उघडझाप करू देतात, रबरी हातमोजा घालून बघितला तरी कोणी हसत नाही. असं दुकान सोडू नका. ऑनलाइन ही सोय नाही.

हातमोजा घालून बघायचं कारण असं की बहुतेक घडीच्या चाकूंच्या पात्याला नख अडकवायला बारीक खाच असते. फवारणीचा नायट्राइलचा मोजा ओला झाला की ती खाच सापडतच नाही. पात्याला मोठं गोल भोक हवं किंवा अंगठ्याने ढकलायला छोटं बोंड हवं. बागेत एक हात काडीला किंवा नळीला गुंतलेला असतो, उघडायला दुसराच हात मिळतो. मुठीचा रंग पिवळा नाहीतर नारिंगी घ्यावा. मांडवाखाली पालापाचोळ्यात हिरवी किंवा काळी मूठ पडली की गेलीच, आणि नंतर ती रोटाव्हेटरखाली सापडते. लाकडी मूठ सुंदर असते, पण ओल्या कामाला नको. ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हॉय भागातला जुना चाकू मला फार आवडतो. त्याच्या स्टेनलेस प्रकारात १२सी२७ आहे, म्हणजे पातं ओल्याला चांगलंच. पण बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पात्याला घट्ट आवळते. तो घरातल्या फळांना ठेवावा. नायलॉनमध्ये काचेचे तंतू घातलेली मूठ किंवा जी१० (राळेत दाबलेलं काचेचं कापड) यांना पाण्याचं काही वाटत नाही.

आता बागायतदारांच्या जिव्हाळ्याचा भाग, मोरचूद.

बोर्डो मिश्रण आपल्याकडे सगळे करतात. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या डाऊनीसाठीच ते लोकांपुढे आणलं, आणि आजही पावसाळ्यात त्याला तोड नाही. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. चुना कमी पडला की मोरचूद मोकळं राहतं आणि पानं करपतात. म्हणून फवारणीआधी लोखंडी विळा किंवा चाकू मिश्रणात बुडवून बघायची पद्धत आहे. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घालायचा. लोखंड द्रावणात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं, हे त्यामागचं कारण.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, साध्या पोलादाचा चाकू मोरचुदाच्या पाण्यात रोज वापरला तर तो किती भराभर खलास होईल, हे आपण स्वतःच रोज तपासून बघतो. तांबं बसलं की खालचं लोखंड ओलसर हवेत आणखी वेगाने गंजतं. दुसरी जास्त महत्त्वाची: ही परीक्षा स्टेनलेस चाकूने करू नका. चांगल्या स्टेनलेसवरचा थर शाबूत असेल तर मोकळं मोरचूद असूनही पातं कोरं निघतं, आपण म्हणतो चुना पुरला, आणि तिसऱ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा जळलेल्या दिसतात. नवीन चाकू घेतलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते. टाकीजवळ एक जुना लोखंडी विळा घासून ठेवा, नाहीतर साधा लांब लोखंडी खिळा. सोबत लिटमस कागद असला तर उत्तमच.

बहिणीच्या मुलाने अमेरिकेतून येताना मला स्पायडर्कोचा पॅसिफिक सॉल्ट आणला. पिवळी मूठ, पावणेचार इंचाच्या आसपासचं पातं, पाठीवर लॉक, आणि उघडायला ते मोठं गोल भोक. पातं एच१ नावाच्या जपानी पोलादाचं. यात कार्बन फारच कमी ठेवून थोडा नायट्रोजन घातलेला असतो. नायट्रोजन क्रोमियमला कार्बनसारखा अडकवून ठेवत नाही, म्हणून हे पोलाद खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठीच ते चाकू बनवतात. आपल्याकडे समुद्र नाही, पण मोरचूद आहे, म्हणून मी चुना घालण्याआधीच्या नुसत्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पातं रात्रभर बुडवून ठेवलं, शेजारी दोऱ्याला बांधलेला एक खिळा. खिळा चहा होईस्तोवर लाल झाला. सकाळी त्यावर तांब्याचा भुसभुशीत लेप, बोटाने चोळला तर सुटत होता आणि खाली काळं पडलेलं लोखंड. चाकूचं पातं पाण्याखाली धरलं, धुतलं, शर्टाला पुसलं. डाग नाही, ठिपका नाही, कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतसुद्धा काही नाही. सांधा उघडझाप केला, तोही तसाच सुळसुळीत. मुठीच्या मागची बाजू बऱ्यापैकी मोकळी असल्याने नळाखाली धरला की आतला चिखल निघून जातो. हे बघून मला खरंच आनंद झाला. आपल्या कामाचा कोणीतरी विचार केलाय असं वाटलं, जरी तो कोळ्यांसाठी केलेला असला.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. कार्बन कमी म्हणजे साधी धार सुतळीवर लवकर उतरते. हे त्या धातूच्या घडणीतच आहे. दगडावर चारसहा वेळा ओढला की परत येते, पण ओढावा लागतो. दात्याचं पातं घेतलं तर ओली सुतळी आणि नायलॉन दोरी सरसर कापली जाते आणि धार जास्त टिकते, पण दाते घरच्या सपाट दगडावर लावता येत नाहीत आणि कलमाला दाते चालतच नाहीत. याच सॉल्ट मालिकेत पुढे एलसी२००एन आणि मॅग्नाकट या पोलादांचे चाकू आले. दोन्ही धारेला सरस आहेत, गंजालाही पक्के. किंमत मात्र आपल्याकडे पोचेपर्यंत पाच आकड्यांत जाते. फवारणी आणि ठिबक सांभाळणाऱ्या एका माणसासाठी तो खर्च समजू शकतो. दहा जणींच्या टोळीला वाटायचा हा चाकू नाही.

कलमांना मी व्हिक्टोरिनॉक्सचा मळेकामाचा घडीचा चाकू वापरते, आणि ज्याला एकच चाकू घ्यायचाय त्याला मी हाच सुचवीन. त्यांच्या पोलादात सुमारे पंधरा टक्के क्रोमियम, निम्मा टक्का कार्बन आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. मॉलिब्डेनम क्लोराइडच्या खड्ड्यांविरुद्ध कामाला येतं. कार्बन माफक असल्याने क्रोमियम मोकळं राहतं. पातं फार कडक नसतं, आणि ते इथे चांगलंच आहे: घरच्या दगडावर पाच मिनिटांत ते केसासारखं लागतं. पाचर कलमाला खुंटाची आणि काडीची चीर आरशासारखी गुळगुळीत यावी लागते, साल आणि साल एकमेकांना टेकली नाही तर डोळा फुटत नाही. त्या कामाला कायम टिकणाऱ्या धारेपेक्षा रोज सकाळी ताजी लागणारी धार हवी. मूठ नायलॉनची, हाताला घट्ट बसणारी.

पण या प्रकारच्या चाकूंना लॉक नसतं, नुसती पाठीची स्प्रिंग असते. कलमात जोर पात्याच्या धारेकडून लागतो तोवर ठीक. टोक कुठे रुतलं आणि मागे खेचलं तर पातं बोटांवर मिटू शकतं, आणि ओल्या हाताला ते कळायच्या आत होतं. म्हणून पोती फोडायला, टोकाने टाके उसवायला तो द्यायचा नाही. टोळीतल्या नव्या मुलींना तर लॉकचाच द्यावा, किंवा सरळ म्यानातला बिनघडीचा. तसं बघितलं तर गंजाच्या हिशेबाने बिनघडीचा चाकू सगळ्यात बरा, सांधाच नाही तर गंजणार काय. पण वाकून, खाली बसून, मांडवाखालून सरकत काम करणाऱ्या बाईच्या कमरेला म्यान टोचतं, साडीत अडकतं. खिशात मावतो तोच चाकू हाताशी असतो.

निगा फार नाही, पण ती त्याच दिवशी करायची. काम संपलं की चाकू उघडा ठेवून साध्या पाण्याखाली धुवायचा, सांध्यात पाणी जोरात जाऊ द्यायचं. मीठ-घाम-मोरचूद निघून जाणं मुख्य. मग झटकून, पुसून, उघडाच सावलीत ठेवायचा. ओला मिटून खिशात ठेवला की चांगल्यात चांगलं पोलादही फटीत सापडतं. सांध्यात एक थेंब शिलाई मशीनचं तेल. खोबरेल अजिबात नको. आमच्याकडे निफाडला डिसेंबरात पारा जिथे उतरतो तिथे खोबरेल बरणीतच थिजतं, सांध्यात थिजलं की पातं उघडत नाही. खायची बाकीची तेलंही काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरतात.

कलमं करताना एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं निर्जंतुक करतात. त्याला ब्लीचिंगचं किंवा हायपोक्लोराइटचं पाणी वापरू नका, क्लोरीन स्टेनलेसचा थर फोडतं. स्पिरिटचा बोळा पुरतो आणि लगेच वाळतो. ठिबकला हायड्रोक्लोरिक ॲसिडची ट्रीटमेंट असते त्या दिवशी चाकू घरी ठेवा, नुसत्या वाफांनीही डाग पडतात. त्या दिवशी नळी कापायला जुनं ब्लेड वापरावं आणि टाकून द्यावं. आणि बागेतला चाकू फळ कापायला कधीही नाही, कितीही धुतला तरी.

धार बाहेरून लावून घ्यायची असेल तर थोडं जपून. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर धारवाले बसतात, विळे-कोयते ते छान लावतात. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत पातळ पातं धरलं की कड तापते. कडेला निळसर छटा आली म्हणजे तिथलं पोलाद जास्त तापलं आणि मऊ पडलं. निळी झालेली कड मऊ तर पडतेच, गंजालाही आधी तीच बळी पडते. दोन बाजूंचा दगड घ्या, खरखरीत बाजू क्वचित, बारीक बाजू नेहमी, पाणी घालत.

कायद्याचं थोडक्यात. बटण दाबून उडणारा चाकू कामासाठी म्हणूनही घेऊ नका, त्यापायी पोलिसांना उत्तरं देत बसावं लागतं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, शेतीच्या आणि घरगुती कामाची पाती त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू त्याच्या अर्ध्याहून लहान. तरी बाजार समितीत किंवा गर्दीच्या दिवशी पंचवटीकडे जाताना तो शर्टातून काढून गाडीच्या डिकीत ठेवलेला बरा.

पुढच्या कलमांच्या आधी टोळीतल्या बायकांसाठी मी चाकू घेणार आहे. १२सी२७ किंवा त्याच तोडीचं पातं, अंगठ्याने उघडणारं, लॉक असलेलं, मागून उघडं, स्क्रूचं, टोक बोथट. चार आकड्यांच्या खालच्या टोकाला असा चाकू मिळतो, शोधावा लागतो एवढंच. रविवार कारंजाच्या त्या दादांना सांगून ठेवलंय की नमुना आला की मी हातमोजा घेऊनच येते, आणि पिनेचा स्क्रू त्यांच्या काउंटरवरच उघडून बघणार.